कोकणातल्या मधमाश्या: कोण कशी बघते, कशी वागते हे ओळखायला शिकताना

कोकणात मधमाशीचा विषय निघाला की दोनच गोष्टी कानावर येतात. एक, "मध गावात काय?" (मध मिळेल का?) आणि दुसरी, "आग्यो असात, लांब रव!" (आग्या माश्या आहेत, लांब राहा!) दोन्ही रास्तच. पण एकाच परड्यात, शेवग्यापासून गडग्यापर्यंतच्या पंचवीस पावलांत पाच-सहा जातींच्या माश्या रोज येऊन जातात, आणि त्यांची नजर, उडायची वेळ, घाबरायची पद्धत सगळं वेगवेगळं असतं, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना आजवर 'माशी' एवढंच माहीत आहे आणि आता जरा नीट बघायचं आहे.

माझं सांगणं थोडक्यात असं, की माशीचं नाव शोधत बसण्याआधी तिचा उजेड शोधा. तिचं घर अंधारात आहे की उघड्यावर, ती भर उन्हात निघते की तिन्हीसांजेला, हे कळलं की तिचे डोळे असे का आणि वागणं तसं का, याचा बराचसा उलगडा होतो.

सामान फार नको. दहापट मोठं दाखवणारं भिंग (स्टेशनरीच्या दुकानात मिळतं), स्लो मोशन असलेला फोन, एक वही, आणि फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. काळा शर्ट नको. का नको, ते आग्याच्या पायरीत येईल.

पायरी १: आधी घरटं बघा

सातेरी ही पेटीत पाळतात ती मधमाशी, अंधारात राहते. झाडाची ढोली, वारूळ, गडग्यातली पोकळी, नाहीतर माणसाने दिलेली पेटी. आत एकाला एक समांतर अशी अनेक पोळी. बाहेरून दिसतं ते फक्त दार.

फुलोरी उघड्यावर राहते. करवंदाच्या जाळीत किंवा लिंबाच्या फांदीवर तळहाताएवढं एकच पोळं, तेही फांदीला वेढून. माशी लहान, पोटाचा पुढचा भाग तांबूस आणि मागे काळे-पांढरे पट्टे. ती फांदीवर पोळ्याच्या दोन्ही बाजूंना चिकट राळेची कडी करून ठेवते, मुंग्या येऊ नयेत म्हणून. भिंगाने ही कडी बघाच. कधी त्यात अडकलेली मुंगीही सापडते.

आग्याही उघड्यावरच, पण उंच. सावरीचं झाड, कड्याची कपार, पाण्याची टाकी, नाहीतर शाळेची गच्ची. एकच मोठं पोळं, कधी मीटरभर रुंद, आणि त्यावर माश्यांचा जिवंत पडदा.

पोयाच्या माश्या म्हणजे जेमतेम चार मिलिमीटरच्या, काळसर, डंख नसलेल्या. जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत, जुन्या घराच्या भिंतीत राहतात. दाराला मेण आणि राळ मिसळून केलेली छोटी नळी असते, तीच त्यांची खूण. डंख नसला तरी त्या चावतात, केसांत आणि कानांत शिरतात, तेव्हा नळीला काडी लावून बघायचा मोह टाळा.

याखेरीज पेटीतून आलेली युरोपीय मेलिफेरा, जी इथली नव्हे. आणि एकेकट्या राहणाऱ्या माश्या: वाशात, सुक्या बांबूत भोक पाडणारा भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी, गुलाबाच्या किंवा आपट्याच्या पानाचा गोल तुकडा कापून नेणारी पानकापी. यांची पोळी नसतात, मधही मिळत नाही, त्यामुळे गावात यांना फारसं कोणी विचारत नाही. बघायला मात्र त्याच सर्वांत गमतीच्या.

पायरी २: मेलेली माशी भिंगाखाली

जिवंत माशीचे डोळे बघता येत नाहीत, ती थांबत नाही. पण कोकणात मेलेली आग्या माशी मिळवणं अगदी सोपं आहे. जवळपास मोहोळ असेल तर रात्री पडवीतला दिवा चालू ठेवलेल्या घरात सकाळी केर काढण्याआधी जा. दिव्याखाली दोन-चार पडलेल्या असतात. चिमट्याने उचला. मेलेल्या माशीचा डंखही टोचतो, बोटाने धरू नका. सातेरीची माशी पेटीच्या दारापुढे जमिनीवर सापडेल.

दोघी पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा आणि कलत्या उन्हात भिंग धरा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोठे संयुक्त डोळे दिसतील. नीट बघितलं तर डोळ्यावर बारीक केस आहेत हेही कळेल. डोळ्यावर केस ही मधमाश्यांची ओळख लक्षात ठेवा. संयुक्त डोळा म्हणजे हजारो बारीक भिंगांची जाळी. मेलिफेराच्या कामकरी माशीच्या एका डोळ्यात अशी पाच हजारांच्या आसपास भिंगं असतात, तिच्याच जातीच्या नराच्या डोळ्यात सात हजारांच्या वर. प्रत्येक भिंग चित्राचा एक ठिपका देतं, म्हणजे माशीला जग रांगोळीच्या ठिपक्यांवर भरलेल्या चित्रासारखं दिसत असणार, बारकावे कमी, ढोबळ आकार पुरेसे.

आता डोक्याच्या माथ्यावर बघा. केसांत तीन चकचकीत मणी त्रिकोणात बसवलेले दिसतील. हे साधे डोळे. त्यांनी चित्र नीट दिसत नाही. उजेड किती आहे आणि क्षितिज कुठे आहे, हे सांगून उडताना तोल राखायला ते मदत करतात. आग्याचे हे तीन मणी सातेरीच्या मानाने मोठे असतात, आणि संयुक्त डोळ्यातली भिंगंही मोठी. मोठं भिंग म्हणजे जास्त उजेड आत. फुलोरीचे डोळे या तिघींत सर्वांत लहान, ती भर दिवसाचीच माशी. २००९ मध्ये या तिन्ही आशियाई जातींच्या डोळ्यांची मोजमापं घेऊन तुलना प्रसिद्ध झाली, त्यात आग्याचे डोळेच सर्वांत जास्त उजेड टिपणारे ठरले.

नर सापडला तर सोन्याहून पिवळं. त्याचे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात. त्याला फुलं शोधायची नाहीत, पराग गोळा करायचा नाही. निळ्या आकाशात वर उडणारी राणी, एक छोटा काळा ठिपका, तेवढा दिसला की त्याचं काम झालं.

पायरी ३: रंगांची परीक्षा

माणसाच्या डोळ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन रंग टिपणाऱ्या पेशी. माशीच्याही डोळ्यात तीनच प्रकार, पण ते हिरवा, निळा आणि अतिनील (जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा). लाल तिच्या यादीत नाही. जर्मनीत शिकवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन संशोधकाने १९१४ मध्ये हे रंगज्ञान इतक्या साध्या पद्धतीने दाखवलं, की ते आजही अंगणात करून बघता येतं. (त्यांना पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालं, तेही मुख्यतः माशीचा नाच उलगडल्याबद्दल.)

करायचं असं. एक निळा जाड कागद आणि फिकट ते गडद अशा वेगवेगळ्या करड्या छटांचे सात-आठ कागद घ्या. करड्या छटा सायबर कॅफेतून छापून मिळतात. सगळे एकाच मापाचे कापून स्टुलावर चौकटीत मांडा, वर काच ठेवा, प्रत्येकावर बाटलीचं एकेक झाकण. निळ्यावरच्या झाकणात समप्रमाणात साखर-पाणी, बाकीच्यांत नुसतं पाणी. दर पंधरा-वीस मिनिटांनी कागदांच्या जागा बदला, नाहीतर माशी जागा पाठ करते आणि तुम्हाला वाटतं तिला रंग कळला. माश्या नियमित येऊ लागल्या की काच पुसा, सगळी झाकणं नवीन आणि रिकामी ठेवा. माश्या निळ्यावरच घिरट्या घालतात. त्यांना नुसता उजळ-गडद फरक कळत असता तर एखाद्या करड्या कागदाशी निळ्याची गल्लत झाली असती.

मग हाच खेळ लाल कागदावर करा. लाल आणि गडद करडा किंवा काळा यांत त्यांची फसगत होते.

दोन गोष्टी सांभाळा. स्टूल पेटीपासून चांगलं लांब ठेवा, दारापाशी साखर-पाणी ठेवलं तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात आणि मारामारी जुंपते. दुसरं, हा प्रयोग आंब्या-काजूच्या मोहोरात करू नका. बाहेर ताजा मकरंद असताना तुमच्या साखर-पाण्याकडे कोण ढुंकून बघतंय? श्रावणानंतरच्या उघडिपीत, फुलं कमी असताना गिऱ्हाईक मिळतं. स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर माश्यांआधी मुंग्या हजर.

इथे हमखास एक शंका येते: लाल दिसत नाही तर मग फाल्गुनात सावरीवर आग्याची एवढी झुंबड कशी? लाल रंग न दिसणं म्हणजे लाल फूल न दिसणं नव्हे. फुलाचा आकार असतो, मागच्या आकाशाशी किंवा पानांशी उठाव असतो, वास असतो, काही लाल फुलं अतिनील किरणही परावर्तित करतात. आपल्याला जे झगझगीत लाल दिसतं ते तिला काळपट दिसेल, पण दिसेल. पांढऱ्या फुलांचं उलट आहे. बरीच पांढरी फुलं अतिनील शोषून घेतात, त्यामुळे ती माशीला पांढरी न दिसता निळसर-हिरव्या छटेची दिसतात. आपण ज्याला साधं म्हणतो ते तिच्या लेखी रंगीत.

फोनवर गंमत म्हणून फुलाचा फोटो काढून एडिटरमध्ये लाल रंग शून्यावर आणून बघा. अतिनील त्यात येत नाही, तेव्हा 'माशीला असं दिसतं' म्हणून स्टेटसला टाकू नका. लाल गेल्यावर चित्राचं काय होतं, एवढाच अंदाज येतो.

पायरी ४: किती लांबून दिसतं?

फार लांबून नाही, आणि नवख्यांना हेच पटत नाही. मेलिफेरावरच्या प्रयोगांतून असं दिसलं, की हिरव्या पेशींना जाणवणारा उठाव असेल तर वस्तूने माशीच्या डोळ्याशी सुमारे ५ अंशांचा कोन केला की ती तिला जाणवते. रंग ओळखायला मात्र सुमारे १५ अंश लागतात. हिशेब करा: १ सेंटिमीटरचं फूल साधारण ११ सेंटिमीटरवरून जाणवणार, आणि त्याचा रंग कळायला ४ सेंटिमीटरपर्यंत जवळ यावं लागणार. काजूचं फूल तर याहून लहान.

मग ती बागेत पोचते कशी? वासाने, आठवणीने, आणि घोळक्याच्या आकाराने. काजूचा एकेक तुरा, मोहोरलेलं अख्खं कलम, हे लांबून दिसणारे मोठे ठिपके. वेंगुर्ल्याकडे सुरंगीच्या फांदीला फुलं अशी दाटीने लागतात की फांदी दिसेनाशी होते, आणि वास तर वाटेवरच अडवतो. तिथे सकाळी उभं राहा. माश्या आधी झाडाकडे सरळ येतात, फांदीपाशी वेग कमी करतात आणि शेवटच्या वितीत फूल निवडतात. परसात माश्यांसाठी काही लावायचं असेल तर यातून घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे: दहा जातींचं एकेक रोप लावण्यापेक्षा एकाच जातीचा ताटवा लावा.

जे तपशिलात गेलं ते वेगात मिळतं. माशीचा डोळा सेकंदाला दीडशेहून जास्त लुकलुकी वेगवेगळ्या ओळखतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, आपल्याला तो सलग वाटतो, तिला लुकलुकताना दिसतो. म्हणूनच माशी जवळ आली की हात झटकणं हा सर्वांत वाईट उपाय. स्थिर माणूस तिच्यासाठी झाडाचा बुंधा असतो, हलणारा हात तिला लगेच टिपता येतो.

पायरी ५: दारापाशी अर्धा तास

सातेरीच्या पेटीच्या बाजूला बसा, समोर नको. समोर बसलात तर माश्यांचा रस्ता अडतो.

दुपारी ऊन असताना काही माश्या दारातून निघून लगेच मागे वळतात आणि पेटीकडे तोंड करून डावी-उजवीकडे झुलत, हळूहळू मोठी वळणं घेत वर जातात. नवखे मधपाळ हे बघून घाबरतात, वसाहत पळून चालली असं वाटतं. या बाहेरच्या कामाला नव्याने निघालेल्या तरुण माश्या आहेत. दार, शेजारचं झाड, गडगा, सगळं डोळ्यांत भरून घेत आहेत. स्लो मोशनमध्ये हे फार सुरेख दिसतं: डोकं घराकडे स्थिर, अंग मात्र सरकत राहतं.

दारात पंख्याचं काम करणाऱ्या माश्या बघा. सातेरी दाराबाहेर तोंड करून पंख मारते, म्हणजे बाहेरची हवा आत ढकलते. मेलिफेरा दाराकडे तोंड करून उभी राहते आणि आतली हवा बाहेर ओढते. कुणाकडे दोन्ही पेट्या असतील तर एवढ्या एका खुणेवर लांबूनही जात ओळखता येते.

गांधीलमाशी दारापाशी घुटमळू लागली की सातेरीच्या पहारेकरी माश्या एकत्र जमून पोट हलवतात. 'तू दिसलीस' असं तिला कळवण्याचा हा प्रकार आहे, असं चीनमध्ये याच जातीवर झालेल्या अभ्यासात मांडलं गेलं. बरेचदा गांधीलमाशी तेवढ्यावर निघून जाते. नाहीच गेली आणि फार जवळ आली तर शेकडो माश्या तिच्याभोवती गोळा करून अंगाच्या उष्णतेने तिला भाजून मारतात. जपानी सातेरीच्या अशा गोळ्यात ४६ अंश सेल्सिअसच्या वर तापमान मोजलं गेलं आहे.

पोयाच्या नळीपाशी वेगळाच कारभार. तोंडावर पहारेकरी गोलाकार बसलेल्या, आत-बाहेर एकावेळी मोजक्याच. संध्याकाळी काही वसाहती नळीचं तोंड बारीक करून घेतात.

पायरी ६: नाच वाचा

हा भाग सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधानाचा. अनुभवी मधपाळ सोबत असल्याशिवाय पेटी उघडू नका.

सातेरीच्या पोळ्यावर माशी सरळ रेषेत पोट थरथरवत जाते, वळून परत येते, पुन्हा तशीच जाते. आत अंधार आहे, सूर्य दिसत नाही, म्हणून ती उभ्या पोळ्यावर 'वर' म्हणजे सूर्याची दिशा असं धरते. थरथरत सरळ वर गेली तर खाऊ सूर्याच्या दिशेला, उजवीकडे ३० अंश कलून गेली तर सूर्याच्या उजवीकडे ३० अंशांवर. थरथर जितका वेळ, अंतर तितकं जास्त. चौकट उचलून बघताना ती उभीच धरा आणि वर छत्री धरा, कारण आकाश दिसलं की नाचाची दिशा बिघडू शकते.

फुलोरीला हे भाषांतर करावंच लागत नाही. तिच्या पोळ्याचा माथा फांदीवर सपाट असतो, त्या आडव्या मंचावर ती नाचते, आणि ज्या दिशेला तोंड करून थरथरते त्याच दिशेला खाऊ. वर आकाश उघडं असल्यामुळे सूर्य आणि आकाशाच्या खुणा तिला थेट दिसतात. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. लिंबावर बुटक्या जागी पोळं असेल तर दोन-तीन हातांवरून, श्वास त्यांच्यावर न सोडता बघता येतं. होकायंत्राने दिशा घ्या आणि त्या बाजूला चालत जा. समोर फुललेलं काही भेटलं की जो आनंद होतो तो सांगून कळायचा नाही.

आग्या उघड्यावर असूनही उभ्या पोळ्यावर नाचते. पोयाच्या माश्या असा नाच करतच नाहीत.

अंतराची बोलीही जातीगणिक बदलते. दक्षिण भारतात तिन्ही जातींवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच अंतरासाठी सातेरीची थरथर सर्वांत लांब, मग फुलोरीची, आग्याची सर्वांत आखूड. कारण आग्या लांबवर चरायला जाते, सातेरी घराजवळच, बहुधा किलोमीटरभराच्या आत.

हे अंतर माशी मोजते कशी? तेही डोळ्यांनीच. उडताना खालून आणि बाजूने मागे सरकणारं दृश्य किती सरकलं यावरून. मंड्यम श्रीनिवासन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी माश्यांना ६ मीटरच्या चट्टेरी, अरुंद बोगद्यातून खाऊकडे नेलं, तर परत येऊन त्यांनी जवळपास २०० मीटर अंतराचा नाच केला. उलट शांत, आरशासारख्या पाण्यावर सरकणारं असं काही दिसतच नाही. तळ्यावरून उडवलेल्या माश्या उंचीचा अंदाज चुकून पाण्याकडे खाली येतात, हे जुन्या प्रयोगांत दिसलेलं आहे. खाडीकाठी पेटी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: चारा पेटीच्याच काठाला हवा, पलीकडच्या तीरावरच्या कांदळवनाच्या भरवशावर राहू नये.

आणि ढग आले तर? आकाशाचा निळा तुकडा जरी दिसला तरी माशीचं भागतं, कारण तिच्या डोळ्याच्या वरच्या कडेला ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश ओळखणारा खास पट्टा असतो, आणि आकाशातल्या या प्रकाशाच्या आकृतीवरून सूर्य कुठे असेल ते तिला कळतं. पोलरॉइड गॉगल असेल तर सकाळी सूर्य पूर्वेला असताना डोक्यावरच्या आकाशाकडे बघत तो गोल फिरवा, निळा रंग गडद-फिका होताना दिसेल. सगळंच आभाळ भरलं तर सातेरी ओळखीच्या खुणांवर, म्हणजे झाडांच्या रांगा, गडगे, घरं यांवर काम चालवते. आषाढातल्या झडीत मात्र दारातच बसून राहते.

पायरी ७: तिन्हीसांज आणि चांदणं

सहा वाजता घरी जाऊ नका, खरी मजा पुढेच आहे.

आधी निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर शोधा. तिन्हीसांजेला ते गवताच्या किंवा वाळक्या काडीला जबड्याने चावून धरतात आणि तसेच लटकून झोपतात, एका काडीवर बरेच, रांगेने. दिवसभर क्षणभर न थांबणारी ही माशी आता शांतपणे भिंगाखाली येते. पट्टे नुसते निळे नाहीत, कडेला हिरवट झाक मारतात. दिवसा हीच माशी वांग्याच्या फुलाला धरून पंख न हलवता अंग थरथरवते आणि मोठा गुंऽऽ आवाज काढून पराग झटकून घेते. भुंगाही हे करतो. सातेरीला आणि आग्याला ही युक्ती येत नाही.

जातींच्या वेळा वेगळ्या असण्याचं सर्वांत ठळक उदाहरण नरांच्या उड्डाणाचं. श्रीलंकेतल्या नोंदींत फुलोरीचे नर दुपारी बारा ते अडीच, सातेरीचे साधारण सव्वाचार ते सव्वापाच, आणि आग्याचे सूर्यास्ताच्या सुमारास बाहेर पडतात. आकाश एकच, पाळ्या वेगळ्या.

अंधार पडल्यावर आग्या. चंद्र अर्ध्याहून मोठा असेल तर आग्याच्या कामकरी माश्या रात्रीही चारा आणतात. सातेरी-फुलोरी हे करत नाहीत. पौर्णिमेच्या आसपास फुललेल्या झाडाखाली उभं राहून कान द्या, गुणगुण ऐकू येते.

पण अंधारातला खरा वस्ताद भुंग्यांत आहे. कोकणाच्या माथ्यावरच, भीमाशंकरच्या जंगलात, हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी भुंग्यांच्या जातींचा अभ्यास केला. तिथली झायलोकोपा ट्रँक्वेबारिका ही जात चंद्र नसलेल्या रात्रीही उडते, आणि नुसत्या चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखून आपलं घरटं शोधते, हे २००८ मध्ये सिद्ध झालं. त्या उजेडात आपल्याला फक्त काळं-करडं दिसतं. तिचे माथ्यावरचे तीन साधे डोळे दिवसा उडणाऱ्या भुंग्यांपेक्षा कितीतरी मोठे असतात. तिथल्याच वारसाच्या झाडाची फुलं रात्री फुलतात, आणि त्यांचं परागीभवन भुंगे करतात.

पायरी ८: आग्या, लांबून

निदान पन्नास-साठ फुटांवरून, दुर्बिणीने किंवा फोन झूम करून. पोळ्यावर अधूनमधून एक लाट पसरते, शेकडो माश्या क्षणात एकामागून एक पोट वर उचलतात. गांधीलमाशी जवळ आली की लाटा वाढतात आणि बहुतेकदा ती मागे फिरते. तिरुवनंतपुरमच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं, की उजळ पार्श्वभूमीपुढे हलणारी गडद वस्तू दिसली की ही लाट उठते. गडद पार्श्वभूमीपुढची फिकट वस्तू त्यांना अस्वस्थ करत नाही. फिकट शर्टाचं कारण इथे कळेल. भर आकाशाच्या उजेडात तुम्ही हलता काळा ठिपका होऊ नये.

रात्री मोहोळावर टॉर्च मारू नका. त्या उजेडाकडे झेपावतात. घराजवळ मोहोळ असेल तर त्या बाजूचे बाहेरचे दिवे बंद ठेवा, उरलेले उघडे नकोत, झाकलेले आणि खाली तोंड केलेले हवेत. दगड, फटाके, धूर, अत्तर, काहीही नको. उठल्याच तर तोंड झाकून सरळ पळा आणि बंद घरात किंवा गाडीत शिरा. विहिरीत-तळ्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत वाट बघतात. डंख नखाने खरवडून ताबडतोब काढा. एक माशी चावली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो इतर माश्यांना बोलावणारा असतो. खूप डंख बसले, ओठ-जीभ सुजली, धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

पायरी ९: पेटी ठेवताना

ज्यांना पुढे सातेरी पाळायची आहे त्यांच्यासाठी एवढंच. ओळीत पेट्या असतील तर शेजारच्या पेट्यांचे रंग वेगळे ठेवा: निळा, पिवळा, पांढरा. लाल आणि काळा शेजारी ठेवून काही साधत नाही. दार पूर्वेकडे, समोर मोकळी वाट, बाजूला एखादं ठळक झाड. रात्री उजेड पडणाऱ्या खांबाखाली पेटी नको. आणि बसलेली पेटी मधूनच दहा-वीस फूट सरकवू नका, माश्या जुन्याच जागी येऊन घुटमळतात. थोडी हलवायची तर रोज हातभरच, कारण पाठ केलेला परिसर त्यांना पुन्हा शिकावा लागतो.

वही

रकाने पाच पुरेत: वेळ, आकाश, फूल, माशी, ती काय करत होती. आकाशाच्या रकान्यात 'ऊन', 'मळभ', 'संधिप्रकाश', 'चंद्र किती' असं लिहा. जात ठरवता आली नाही तर रंग, आकार आणि पराग पायावर नेते की पोटाखाली एवढं लिहून ठेवा (पोटाखाली असेल तर पानकापी किंवा तिची भावकी). फोटो तीन हवेत: समोरून चेहरा, वरून पाठ, बाजूने पाय आणि पंख. आयनॅचुरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर जाणकार नाव सुचवतात, मात्र आग्याच्या किंवा सातेरीच्या वसाहतीचं नेमकं ठिकाण उघड करू नका, मध काढणारे तेही वाचतात. सुरुवात करायला दिवाळीनंतरचे दिवस चांगले, आभाळ उघडलेलं असतं, आग्या परतू लागते आणि मोहोर यायला अजून अवकाश असतो.